माशाचं रान मीच घासलं

काय सांगू तुम्हाले, माशाचं जेवण मी माह्या हातानं घासून नालीत टाकलं.

मी मूळचा काटोलकडचा, संत्र्याच्या बगीच्यातला. समुद्र कधी पाहिला नाही. कोराडीचं वीजघर नवं नवं होतं तवा तिथं लागलो, पाणी साफ करायच्या खात्यात. बॉयलरले जाणाऱ्या पाण्यात कणभर काही चालत नाही, तर घासायची, गाळायची सवय हाडात गेली माह्या.

माहा साळा लक्षद्वीपकडं बोटीवर. पोळ्याले आला, संगं काचेची टाकी, कॅन भरून समुद्राचं पाणी, चार दगड अन् एक मासा. पिवळसर, अंगावर काळे उभे पट्टे, शेपटीच्या बुडाशी दोहीकडून ब्लेडवानी काटा. म्हणे भाऊजी, हा पोवळ्याच्या खडकावर राह्यते, कळपानं, दिवसभर गायीवानी चरते. दिवाळीले येतो, जिवंत दाखवा, मंग मानीन तुम्हाले. म्या म्हटलं, अरे, पाण्यातलाच माणूस आहो मी!

तो गेला अन् पाहतो तर दगडांवर हिरवा चिकट थर. एवढी घाण! काथ्या घेतला अन् चारही दगड पांढरे फक्क केले. आता मासा दगडाले तोंड लावे अन् मागं सरके. मंग फुटाळा तलावावर माशांले टाकतात तशा कणकेच्या गोळ्या टाकल्या, तर त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आठ दिवसांत पोट आत गेलं. बायको भाजी निवडून राहिली होती, तिनं पालकाचं एक पान दगडाले दोऱ्यानं बांधून सोडलं, अन् तो असा तुटून पडला ना! म्हणे, काहून हो, चरणाऱ्याचं रान घासून बसले तुम्ही?

लागलं मले. पालकावर किती दिवस काढन तो? म्हटलं, घासलं म्या, तर उगवीनही मीच. एका दगडाच्या भोकात बोटभर हिरवं उरलं होतं. उरलेल्या खाऱ्या पाण्यात चारही दगड बुडवून टब गच्चीवर उन्हात ठेवला, वीजघराची राख पडू नये म्हणून वरून मच्छरदाणी. पाणी उडालं का तेवढंच गोडं टाकायचं, मीठ तर खालीच राह्यते, एवढं तरी आमच्या खात्यात शिकलो होतो. ड्युटीवरून आलो का जेवण मागून, गच्ची आधी. शेवटी धरलं हिरवं. दगड टाकीत ठेवताना घाईत माशाले हात लागला, त्यानं शेपटी मारली, तीन टाके पडले अंगठ्याले. पण चरला!

दिवाळीले साळा आला, मासा दगडावर चरून राहिला होता. पोट्टा पेटी खाली न ठेवता टाकीसमोर बसला.

आज इतक्या वर्षांनीही मी मोरीवर कढई घेऊन बसलो का बायको हातातला काथ्या ओढून घेते. म्हणे, ठेवा ते, कोणाचं जेवण असन त्याच्यात.