पाय उचलला की

मिस्त्री: थंड असताना, की गरम झाल्यावर?

मुलगी: काय?

मिस्त्री: बंद कधी पडते, ताई? सकाळी चालू केल्या केल्या, की वीस-पंचवीस मिनिटं पळाल्यावर?

मुलगी: ते मला सांगता येणार नाही. मी चालवत नाही ही. आज इथपर्यंत आणली तेवढीच. तीनदा बंद पडली.

मिस्त्री: कुठे कुठे?

मुलगी: दोनदा सिग्नलला. एकदा तुमच्या दारात, वळताना.

मिस्त्री: म्हणजे शेवटी शेवटी. घरून निघताना नाही.

मुलगी: नाही. हो, शेवटीच. हे बघा, पाच वाजता गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. तासभर नीट चालली की झालं. माझे दीर म्हणाले, एक स्क्रू असतो, तो पिळला की रेस वर राहते, मग बंद पडत नाही.

मिस्त्री: असतो स्क्रू. दिरांना पाठवून द्या, त्यांचा कुठला सैल झालाय का तेही बघतो.

मुलगी: मिस्त्री, मला खरंच घाई आहे.

मिस्त्री: पिळतो की. दोन मिनिटांचं काम. पाच वाजता छान चालेल. मग आठवड्याभरात तो माणूस बायको-पोरांना घेऊन निघेल आणि भर चौकात ही मान टाकेल. पिळू?

मुलगी: नको. काय झालंय ते बघा आधी.

मिस्त्री: चावी द्या. चालवत कोण होतं?

मुलगी: बाबा. माझे वडील. आठ महिने झाले, बंद केलंय.

मिस्त्री: त्यांनी बंद केलं?

मुलगी: आम्ही.

इंजिन: खर्र खर्र हुं. हुं हुं हुं हुं.

मिस्त्री: आत्ता गरमच आहे, पण दारात उभं राहून जरा निवलीय. बघा, कशी गरीब गायीसारखी उभी आहे. आता हिला तापवू. इंजिन गार करणारा पंखा दोनदा फिरेपर्यंत कुणी काही करायचं नाही.

मुलगी: किती वेळ?

मिस्त्री: दहा मिनिटं. तोवर हवा कुठून चोरून आत जातेय का बघतो. या नळ्यांवर हा फवारा मारायचा. कुठे फट असली तर आवाज बदलतो.

इंजिन: हुं हुं हुं हुं हुं.

मिस्त्री: नाही बदलला. नळ्या ठीक. ताई, एक विचारू? तुमचे बाबा पूर्वी काय करत होते?

मुलगी: का?

मिस्त्री: ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा. सगळ्यांचं मधोमध झिजतं. हे उजव्या कडेला झिजलंय, कोपरा तर पार गुळगुळीत. आणि ॲक्सिलरेटरच्या खालच्या टोकाला हा टाचेचा डाग. हा माणूस एकाच पायाने दोन्ही दाबायचा. चवडा ब्रेकवर, टाच रेसवर.

मुलगी: ते… तेच.

मिस्त्री: तेच काय?

मुलगी: त्यासाठीच चावी काढून घेतली. ब्रेक कुठला आणि रेस कुठली, हे त्यांना कळेनासं झालं होतं. दोन्ही एकदम दाबायचे.

मिस्त्री: कळेनासं झालेल्या माणसाचे डाग असे एकाच जागी पडत नाहीत.

मुलगी: रुग्णवाहिका चालवायचे. एकतीस वर्षं.

मिस्त्री: अस्सं.

इंजिन: हुं हुं हुं. हुंऽ. हुं.

मिस्त्री: पंखा फिरला. अजून एकदा फिरू दे. बंद पडायची तेव्हा एसी चालू असायचा का?

मुलगी: माहीत नाही.

बाबा, गेल्या वर्षी: एसी लावला की लवकर मरते गं. म्हणून मी काचा उघड्या ठेवतो. तुझ्या चिमणीला घाम येतो, पण काय करणार.

मुलगी, गेल्या वर्षी: बाबा, जरा हळू बोला, माझा फोन चालू आहे.

मिस्त्री: वळताना, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर?

मुलगी: आज तुमच्या दारात तसंच झालं.

बाबा, गेल्या वर्षी: वळणावर मला रेस धरून ठेवावी लागते. पाय उचलला की मेली.

मुलगी, गेल्या वर्षी: तुम्ही क्लच लवकर सोडत असाल.

बाबा, गेल्या वर्षी: हो. असेल. एकतीस वर्षं सोडला नाही, आता सोडत असेन.

मिस्त्री: ताई? ऐकताय ना?

मुलगी: ऐकतेय. म्हणजे… त्यांनी हे सांगितलं होतं. मला आठवतंय आता. तुम्ही जे विचारताय ते सगळं त्यांनी सांगितलं होतं.

मिस्त्री: गॅरेजला का नाही आणली मग?

मुलगी: नेली होती एकदा, एकटेच. तिथे ती बंदच पडली नाही. तो माणूस म्हणाला, काका, आता घरी आराम करा. मग बाबा मला म्हणाले, तू चल बरोबर, तुझं ऐकतील.

मिस्त्री: आणि?

मुलगी: मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

इंजिन: हुंऽ हुं. हुंऽऽ. धड् धड् हुं.

मिस्त्री: पंखा दुसऱ्यांदा फिरला. आता एसी लावतो. कान इकडे.

इंजिन: हुंऽ. धड्. धड्. ठप्.

मिस्त्री: मेली.

मुलगी: तुमचा पाय?

मिस्त्री: दोन्ही पाय जमिनीवर आहेत, ताई. मी गाडीच्या बाहेर उभा आहे.

मुलगी: हो. दिसतंय.

मिस्त्री: आता हे बघा. पाय रेसवरून काढला की हवेचं मोठं दार बंद होतं. पण इंजिनला तेव्हाही थोडा श्वास हवा. तो या छोट्या वाल्वमधून मिळतो. एसी लावला, स्टिअरिंग फिरवलं, तर हा अजून जरा उघडतो. स्वतःहून. चालवणाऱ्याला कळतही नाही. काढतो. दोन स्क्रू.

मुलगी: काळा झालाय.

मिस्त्री: थोडा कार्बन आहे, सगळ्यांनाच असतो. मला आधी वाटलं पुसून भागेल. मीटर लावू. आत तारेची दोन वेटोळी आहेत. हे पहिलं, एकावन्न ओहम, म्हणजे ठीक. आता दुसरं.

मुलगी: काहीच दाखवत नाही.

मिस्त्री: काहीच नाही. तार आत कुठेतरी तुटलीय. वाल्व आहे तिथेच अडकून बसतो. आता गंमत बघा. याला निवायला इथे छताच्या पंख्याखाली ठेवतो. तुम्ही पाणी प्या.

मुलगी: त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी.

मिस्त्री: कोण?

मुलगी: बाबा. चिमणीला, म्हणजे माझ्या मुलीला आणायला गेले होते. ती पुढे बसलेली. मुलं रस्ता ओलांडत होती म्हणून थांबले. शेवटचं मूल पलीकडे गेलं आणि गाडीने एकदम उडी मारली. फाटकाच्या खांबावर. चिमणीच्या गळ्याखालचं हाड मोडलं. खांब नसता तर आत अंगण होतं. भरलेलं.

मिस्त्री: हं.

मुलगी: मी विचारलं, बाबा, काय केलंत? तर म्हणाले, टाच घसरली. मी म्हटलं, टाचेचं काय काम तिथे? तेव्हापासून फारसे बोलतच नाहीत.

मिस्त्री: गाडी तपासली नाही कुणी?

मुलगी: तपासली ना. मोठ्या गॅरेजात. रात्रभर तिथे उभी होती, सकाळी तपासली. लेखी दिलं त्यांनी, गाडीत दोष नाही.

मिस्त्री: सकाळी. थंड.

मुलगी: मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, आजोबा, कागदावर घड्याळ काढून दाखवा. बाबांनी गोल काढला, आकडे सगळे नीट घातले. काटे काढलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, काटे? तर म्हणतात, मला आता कुठे वेळेवर पोचायचंय?

मिस्त्री: बरोबर बोलले की.

मुलगी: मी तिथे रडले, मिस्त्री. मला वाटलं, गेलं सगळं.

मिस्त्री: या इकडे. निवलाय तो. मीटर तुम्ही धरा. दोन्ही टोकं दुसऱ्या वेटोळ्याला लावा.

मुलगी: बावन्न.

मिस्त्री: बावन्न. शहाणं बाळ. तापला की तार सुटते, निवला की परत चिकटते. थंड असताना कुणीही तपासला तरी ठीकच म्हणेल.

मुलगी: म्हणजे बाबांचं काही चुकलं नव्हतं.

मिस्त्री: असं मी म्हटलं नाही.

मुलगी: मग?

मिस्त्री: वाल्व एवढंच सांगतो की गाडी बंद पडत होती. पायाचं तो काही सांगत नाही. मी असतो तर हँडब्रेक ओढला असता आणि मग रेस दिली असती. टाचेच्या भरवशावर लेकरू घेऊन फिरलो नसतो. पण मी रुग्णवाहिका चालवलेली नाही. त्यांच्याकडे मागे कुणीतरी झोपलेलं असायचं. इंजिन बंद पडू द्यायचं नाही, हे त्यांच्या पायात बसलंय. ती सवय कुठे काढून ठेवणार?

मुलगी: मी वेड्यात काढलं त्यांना.

मिस्त्री: नवीन वाल्व आहे माझ्याकडे. बसवू? की पाच वाजता तशीच न्यायची?

मुलगी: बसवा.

मिस्त्री: आधी बॅटरीची वायर काढतो. हे रबरी कडं नवीन. जुनं घातलं तर हवा चोरते. आणि ही आतली दांडी अंगठ्याने दाबायची नाही, नाजूक असते. दोन स्क्रू, फार आवळायचे नाहीत. झालं.

मुलगी: एवढंच?

मिस्त्री: हात एवढाच. आता हिला शिकवायचं. तुम्ही आत बसा, चालवायच्या जागी. चावी फिरवा, चालू नका करू. दहा आकडे मोजा. बंद. परत दहा. आता चालू करा. आणि पाय मागे घ्या. पार मागे, सीटखाली.

मुलगी: रेस नको?

मिस्त्री: अजिबात नाही. किती श्वास घ्यायचा ते तिचं तिला ठरवू दे. सुरुवातीला धडपडेल. तुम्हाला वाटेल आता मेली. तरी पाय लावायचा नाही. जमेल?

मुलगी: जमेल.

इंजिन: खर्र हुंऽऽ. हुं. धड्. धड्.

मुलगी: मिस्त्री!

मिस्त्री: पाय मागे.

इंजिन: धड्. हुं. हुंऽ. हुं. हुं. हुं.

मिस्त्री: बसा अशाच. मी हात धुऊन येतो.

(बराच वेळ इंजिन एका लयीत चालत राहते. मुलगी पाय न हलवता फोन काढते.)

मुलगी: हॅलो, बाबा?

बाबा, आज: बोल. गिऱ्हाईक आलं?

मुलगी: नाही. मी त्याला नको म्हणून कळवणार आहे. बाबा, गाडी गरम झाल्यावर बंद पडते.

बाबा, आज: पाय उचलला की.

मुलगी: हो. एसी लावला की लवकर. वळणावर पण. हवेचा एक वाल्व होता, तापल्यावर आतली तार सुटायची. बदलला आत्ता.

बाबा, आज: रबरी कडं नवीन घातलं का?

मुलगी: नवीनच घातलं.

बाबा, आज: माणूस बरा दिसतोय.

मुलगी: बाबा, मी तुमचं ऐकायला हवं होतं. तुम्ही दोनदा सांगितलंत.

बाबा, आज: तीनदा.

मुलगी: तीनदा.

बाबा, आज: ऐक. टाच घसरली ती माझीच होती. वाल्वची नव्हती. ते मी कुणावर ढकलणार नाही. चिमणीच्या हाडाचा आवाज मी ऐकलाय.

मुलगी: ती रोज विचारते, आजोबा आणायला कधी येणार.

बाबा, आज: मला नाही कधी विचारलं तिने.

मुलगी: मीच सांगितलं होतं, आजोबांना विचारायचं नाही.

बाबा, आज: बरं.

मुलगी: संध्याकाळी आल्यावर तुम्ही चालवून बघाल? मी शेजारी बसते. चिमणीला मागे…

बाबा, आज: चिमणीला नको. आधी तू एकटी बस. आठ दिवस बस. तुला भीती वाटली तर मला तिथेच सांग, मी थांबवून खाली उतरेन. कबूल?

मुलगी: कबूल.

बाबा, आज: आणि वाटेत एसी लावून बघ. चौकात पाय उचल. बंद नाही पडली तर मग घरी आण.

मुलगी: आणते. आणि उद्यापासून चावी दाराजवळच्या खिळ्यावर राहील, पूर्वीसारखी.

बाबा, आज: शिलाई मशीनच्या खणात असते ना आता? बटणांच्या डबीखाली?

मुलगी: तुम्हाला माहीत होतं?

बाबा, आज: पहिल्या आठवड्यापासून.

मुलगी: मग घेतली का नाहीत?

बाबा, आज: तू ठेवली होतीस ना.