चौथी कुपी

(प्रयोगशाळेमागची लहान खोली. ताई इथे संशोधक आहे. धाकटा तिचा भाऊ, वय तीस. दार लोटलेलं.)

धाकटा : …म्हणजे नाही, एवढंच सांग ना. उगाच गोल गोल फिरवू नकोस.

ताई : नाही.

धाकटा : चारही कुप्या?

ताई : चारही.

धाकटा : मंगळवारी फोनवर तर म्हणत होतीस, पेशी दुपटीने मोठ्या झाल्यात, आता फार दिवस नाहीत. मी हिला तसंच सांगितलं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत.

ताई : झाल्या होत्या मोठ्या. मी स्वतः मोजल्या. खोटं नव्हते बोलत रे.

धाकटा : मग?

ताई : बस आधी.

धाकटा : उभाच बरा आहे मी.

ताई : आपण जे प्रथिन वापरत होतो ना, ते माणसाच्याच बीजपेशीत असतं. पेशीच्या केंद्रकात बसून ते तिला सांगतं, आता थांब, आता वाढ. त्याचं जनुक जीवाणूत घालून आम्ही ते इथे बनवून घेतो.

धाकटा : पाठ आहे मला. सही घ्यायच्या आधी तूच तासभर समजावलं होतंस.

ताई : ते प्रथिन कोरडं नसतं. द्रावणात असतं, मीठ, ग्लिसरीन वगैरे. एका बशीतल्या पेशींना प्रथिन द्यायचं आणि दुसऱ्या बशीत तेच द्रावण, पण प्रथिनाशिवाय. दोन्हींत जो फरक पडेल, तो प्रथिनाचा गुण.

धाकटा : बरं.

ताई : दुसऱ्या बशीत मी पाणी घातलं.

धाकटा : चुकून?

ताई : नाही. नुसतं द्रावण वेगळं बनवायला दोन दिवस मोडतात. म्हटलं, दोन थेंबांनी काय होतंय. पाण्यातल्या होत्या तशाच राहिल्या, प्रथिनातल्या टम्म झाल्या. मला वाटलं, साधलं. आमचे सहायक आहेत ना, काका, त्यांनी मला न सांगता उंदराच्या पेशींवर नुसतं द्रावण घालून पाहिलं. त्याही फुगल्या. मग मेल्या. बुधवारी त्यांनी बशी माझ्यासमोर आणून ठेवली.

धाकटा : आणि माझ्या?

ताई : काल गेल्या.

धाकटा : म्हणजे नुसती सूज होती. आणि आपण बाळसं समजून बसलो.

ताई : बंड्या…

धाकटा : आत्ता बंड्या नको म्हणूस. दहा वर्षांचा होतो मी. कॅन्सरच्या औषधांनी सगळं करपणार, पुढे मूल व्हायचं नाही, म्हणून डॉक्टरांनी आधीच वृषणाचा तुकडा काढून चार कुप्यांत गोठवला. वीस वर्षं राहिला नीट. तुझ्याकडे किती टिकला?

ताई : सव्वा महिना.

धाकटा : ठरलं काय होतं? दोन कुप्या तुला, दोन राखीव. तिसरी मी आपणहून दिली, कारण तू म्हणालीस गुण येतोय. चौथीच्या वेळी मी विचारलं होतं, थोडं थांबू या का. आठवतंय?

ताई : आठवतंय. काकाही म्हणाले होते, चौथी काढायच्या आदल्या दिवशी. "बाई, दोन दिवस द्या मला, द्रावणाबद्दल जरा शंका आहे." मी दिले नाहीत.

धाकटा : का?

ताई : त्यानंतरच्या सोमवारी परिषदेत माझं भाषण होतं. तीनच्या ऐवजी चार दाखवायच्या होत्या.

धाकटा : दाखवल्यास?

ताई : हो. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

धाकटा : माझ्या होत्या त्या, ताई.

ताई : आज सकाळी निकाल मागे घेतल्याचं पत्र पाठवलंय. पुढे माझं जे व्हायचं ते होईल. तू बोल मला, शिव्या घाल, हात उचल.

धाकटा : तुला मारून काय हाती लागणार आहे. आणि रडू नकोस. तुझी समजूत काढायची ताकद नाही माझ्यात आज. तुझा राग येतोय, फार राग येतोय, पण तो काढायचा कसा तेच कळत नाही.

ताई : तुझ्या बायकोला मी येऊन सांगते.

धाकटा : नको. तिला मी सांगेन, झालं तसं. पण ती पुन्हा तुझ्याकडे येईल असं धरून चालू नकोस.

ताई : आणि आई?

धाकटा : खाली बाकावर बसली आहे.

ताई : इथे? तिला कशाला आणलंस?

धाकटा : तू भेटायला बोलावलंस कळल्यावर ऐकेचना. ठेवणीतले कपडे घालून तयार. म्हणाली, ही बातमी मला तुझ्या ताईच्याच तोंडून ऐकायची आहे.

ताई : चल मग. सगळं सांगते तिला.

धाकटा : सगळं नको. पेशी मुळातच खराब निघाल्या म्हण.

ताई : अरे, पण चांगल्या होत्या त्या.

धाकटा : असू देत. माझ्यातली खोट ती वीस वर्षं सोसते आहे, तिला सवय झाली आहे. तुझ्यातली आता या वयात कशाला दाखवायची.