सुतकाचं पिठलं

तुम्ही शिक्षण बदलायच्या गोष्टी करताय, तर आमची पोशीर गावातली गोष्ट ऐका. स्वराज्य नुकतंच आलं होतं. कॉलेजचं शिक्षण कसं बदलावं याचा अभ्यास करायला आम्ही चार प्राध्यापक तिथे जाऊन राहिलो. नियम एकच: कुणी कुणाला शिकवायचं नाही, सगळं ज्याचं त्याने शिकायचं. चूल पेटवणंसुद्धा.

चूल काही पेटली नाही. उपाशीपोटी, तोंडं पाडून, ओटीवर गुपचूप वाचत बसलो.

दुपारी शेजारची भागूआजी पिठलं-भाकरी घेऊन आली. "सकाळधरनं चूल नाय, बोलनं नाय. कोन गेलं रं, बाबांनो?"

सुतकाच्या घरी शेजारी जेवण आणतात, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. आता खरं सांगितलं तर भाकरी परत जाणार. आमच्यातले थोरले दामले भाकरीकडे बघत म्हणाले, "जुनी शिक्षणपद्धती गेली, आजी."

आजीला ती कुणी बाई वाटली. "वय झालं व्हतं?"

"पुष्कळ."

"मंग सोनं झालं. मागं कोन हाय तिच्या?"

दामल्यांनी आम्हा तिघांकडे एकवार नीट पाहिलं.

"आम्हीच की. सगळे तिच्यावरच गेलोय."