दत्तूच्या पायाची चिठ्ठी

आमच्या समा भागातल्या सोसायटीत कुणालाही विचारा, दत्तूला दवाखान्यात न्यायचं तर थाप मारावीच लागते. नंदेसरीच्या कारखान्यातून रिटायर झालेला गडी. एक पाय केळीच्या खांबासारखा सुजलेला, नडगीवरची जखम भरता भरत नव्हती. नेहमीच्या डॉक्टरने मोठ्या इस्पितळातल्या जखम-सुजेच्या खास डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. ती यानं गादीखाली सारली. म्हणे, "वर पाठवतात म्हणजे पाय कापणार!"

शेवटी वहिनींनी ती चिठ्ठी हळूच मला आणून दिली. मी लंगडायला लागलो.

"दत्तू, गुडघा गेला रे माझा. सोबतीला चल."

आला बिचारा. इस्पितळाच्या खिडकीवर मी त्याची चिठ्ठी सरकवली आणि त्याचंच नाव पुकारलं गेलं.

"अल्या, हे काय?"

"चालो काका, बेसी जाओ," म्हणत गुजराती सिस्टरने त्याला बसवलंसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी जखम तपासून साफ केली, बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळली. "कापायचं काही नाही. दर आठवड्याला या, भरेल." दत्तूच्या जिवात जीव आला. मग बाईंनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली.

"तीन महिने झाले! इतके दिवस कुठे होतात?"

दत्तूनं माझ्याकडे बोट केलं. "काय सांगू बेन, हा रोज म्हणायचा, उद्या नेतो."

बाईंनी मला सगळ्यांदेखत असं झाडलं की विचारू नका. वर दत्तूला मायेनं म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी कुणीतरी शहाणा माणूस बरोबर आणा."