चावीची आंघोळ

दसऱ्याले गाडीची पूजा तर सगळेच करतात, पण माह्या मायनं देवासंगं रिमोटवाल्या चावीलेही दूध-दह्यानं आंघोळ घातली!

दुसऱ्या दिवशी सौंसरवरून नागपूरले ड्युटीवर निघालो, तर गाडी चालूच होईना. चावीचा सेल बदलला, तरी तेच. मेकॅनिक म्हणे, "आतली चिप गेली भाऊ. गाडी चावीले ओळखूनच नाही राहिली."

माहा पारा चढला, पण मायचा चेहरा पडलेला. "रोज इतक्या दूर जाऊन राहिला तू, म्हणून देवात ठेवली होती रे."

अन् गाडीजवळ गेली, बोनेटवर हात फिरवला अन् म्हणते कशी, "अवं बाई, आंघोळच तर घातली मी. लेकरू तुहंच आहे, घे ना ओळखून!"