फोटोत नको असलेला माणूस

—मावशी म्हणू नका मला. आणि चिखलाचे बूट घेऊन आत कुठे निघालात? तिथंच उभे राहा, उंबऱ्याबाहेर. बक्षीस मिळालं म्हणता या फोटोला? मिळू दे. मोठा करून, चौकट घालून, इथल्याच रुळाचा म्हणून घरपोच आणलात, उपकार झाले — पण माझा माणूस कुठाय यात?

कुठला माणूस काय! माझा नवरा! रुळाच्या कडेला गवत कापत होता ना, तुम्ही कॅमेरा लावून बसला होतात त्या सकाळी? गाडी आहे, वळण आहे, तारेवरचा खंड्यासुद्धा आहे — त्याची चोच दिसते हो — आणि सहा फुटी माणूस तेवढा नाही. पुसला? पुसला म्हणजे? पाटीवरची रेघ होती का ती? अडगळ होत होती, असं? तुम्ही हात हलवत होतात ते बाजूला व्हा म्हणून — आणि ह्यांना वाटलं, साहेब फोटोला उभं राहा म्हणतायत. मग काय! विळा टाकला, टोपी नीट केली आणि राहिले ताठ उभे. जन्मात कोणी फोटो काढला नव्हता — ओळखपत्रावरचा चोरासारखा दिसणारा सोडला, तर. घरी आले ते हसतच. "आज माझा फोटो निघाला, गाडीसकट." मी म्हटलं, तो गाडीसाठी आलाय, तुमच्या थोबाडासाठी नाही. तर म्हणे, तू जळतेस!

वाट बघायचे हो. कुत्रं भुंकलं की दाराशी. छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, तर तिथंही तेच — फोटो आला का? येईल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रोज मी म्हणायचे, येईल, आज नाही तर उद्या येईल, आणि शेवटी मलाच खरं वाटायला लागलं होतं... जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

मूळचा आहे का? न पुसलेला? खरं बोला. — उडवलात? कॅमेऱ्यात जागा पुरत नव्हती म्हणून? वा! इंजिनाला जागा आहे, पाखराला जागा आहे, माझ्या माणसापुरतीच संपली!

न्या ती चौकट. मला नको. उचला म्हणते ना — थांबा. थांबा जरा. उजेडाकडे धरा. अहो नीट धरा! हे काय आहे गवतावर, काळं, लांबलचक? इथं खांब नाही, झाड नाही. ही टोपी. हा कमरेवरचा हात — भांडायचं असलं की अस्सेच उभे राहायचे. माणूस पुसलात आणि सावली राहिली? आणि बक्षीस देणाऱ्या शहाण्यांनाही दिसली नाही?

काय म्हणालात? चूक राहिली — नीट पुसून आणून देता?

हात लावून तर बघा! ठेवा ती तिथं, भिंतीला टेकवून. हळू! — आणि आता चालते व्हा.