वंदना सिस्टरांनी कबूल केलेली चूक

सन्माननीय अध्यक्ष, आपले सरपंच काकासाहेब. मंचावरील डॉक्टर साधना मॅडम. आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या उपकेंद्राच्या वंदना सिस्टर. आशाताई, अंगणवाडीताई आणि कापसाची वेचणी सोडून आलेल्या गावकऱ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी प्रेमला, इथल्याच शाळेत शिकवते. आधीच्या वक्त्यांनी सिस्टरांच्या लसी सांगितल्या, बाळंतपणं सांगितली, पुरातली धावपळ सांगितली. सगळं खरं आहे. मला मात्र त्यांची एक चूक सांगायची आहे. काकासाहेब, घाबरू नका. त्यांना विचारूनच उभी राहिले आहे.

माझी थोरली बहीण शालू. पाळी आली की बारा-बारा दिवस अंगावर जायचं. आई म्हणायची, "बाईच्या जातीला हे राह्यतंच. सोसायचं." माझंही तेच होतं. कुणाला सांगणार? दहा वर्षांपूर्वी शालू बाळंतपणाला माहेरी आली. आकांक्षा झाली. दोघी दवाखान्यातून सुखरूप घरी आल्या आणि नवव्या दिवशी रक्त सुरू झालं, ते थांबेचना. जीप करून जालन्याला निघालो. शालूचं डोकं माझ्या मांडीवर. "प्रेमे, पोरीला भूक लागली आसंल," एवढंच बोलली. दवाखाना येईपर्यंत ती राहिली नाही.

तेरावा झाल्यावर सिस्टर आल्या, आईसमोर जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "साखराबाई, सातव्या महिन्यात शालू माझ्याकडं आल्ती. हिरड्यातून रक्त येतं म्हणली. दाढ काढली तवा दोन दिवस थांबलं न्हाई म्हणली. मी तिला ब्रश बदल म्हणले. मोठ्या डॉक्टरकडं पाठवाया पाहिजे होतं. कार्डावर लिवलंसुद्धा न्हाई."

मंडळी, हे त्यांना विचारलं होतं कुणी? कागदावर काही नव्हतं. ऐकणारी एक आणि सांगणारी एक. सांगणारी तर गेलेली.

आई म्हणाली, "मंग माझी लेक आणून द्या." आणि आत निघून गेली.

पुढच्या गुरुवारी सिस्टर पुन्हा आल्या. आईनं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी अंगणातूनच म्हणाल्या, "माझ्याशी बोलू नका. पर तुम्हाला आजून एक लेक हाय."

बऱ्याच वेळानं आईनं कडी काढली.

रजा टाकून सिस्टरांनी मला संभाजीनगरला तपासणीला नेलं. आजाराचं नाव निघालं वॉन विलेब्रँड. रक्त गोठायला लागणारा एक घटक जन्मापासूनच कमी. हा आजार आईबापाकडून लेकरांत येतो. मग आईचीही तपासणी झाली. तिच्यातही तेच निघालं. "म्हंजी मीच दिलं व्हय पोरींना?" असं म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. आमच्याकडंच वाढणाऱ्या आकांक्षालाही तेच आहे.

अशा रुग्णांची जालन्यात महिन्याला बैठक भरते. सिस्टरांनी तिथंही मला नेलं. सांध्यांत रक्त उतरून गुडघे आखडलेले सगळे पुरुषच, मी एकटी बाई. परत फिरणार, तोच इंद्रभान नावाचे एक वयस्कर गृहस्थ कुबडीनं खुर्ची पुढं सरकवत म्हणाले, "बस ताई. इथं कुणाला समजावून सांगावं लागत न्हाई." मी खूप रडले. आज तिथं आम्ही सात बायका येतो. त्यातल्या चौघींना सिस्टरांनीच घरोघर विचारून शोधलं आहे.

आकांक्षाची पाळी आता वर्षा-दोन वर्षांत येईल. रक्त थांबवायच्या गोळ्या कपाटात आहेत, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर आहे. तरी भीती जात नाही. ती जाईल असं खोटं मी इथं सांगणार नाही.

आई आज आलेली नाही. चल म्हटलं, तर म्हणाली, "तू जा. सिस्टरला सांग, पोरीकडं माझं बराबर ध्यान हाय. पर माफ केलं, आसं म्हणू नको."

सिस्टर, निरोप जसाच्या तसा पोहोचवला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर लहान समजून पोटात घाला.